सिस्टर, आमचा बोर्ड राहिलाय का इथे?

मी जिथे जिथे कॅज्युअल्टीत काम केलं तिथे एक कोपरा असा होताच, जिथलं सामान हॉस्पिटलचं नसतं. दाराच्या मागे म्हणा, किंवा व्हीलचेअर लावतात त्या भिंतीशी. पिवळे, केशरी स्पाइन बोर्ड, म्हणजे मणक्याला मार असलेल्या पेशंटला आणायच्या कडक फळ्या, एकाला एक टेकवून उभे, त्यांचे पट्टे खाली लोंबतायत, बोर्डावर कुणीतरी मार्करने गाडीचा नंबर टाकलेला, तो पुसट झाला म्हणून वर चिकटपट्टी लावून परत नंबर. डोक्याच्या दोन बाजूंना लावायचे ब्लॉक असतात ना, त्यातला एकच, जोडीदार गायब. ड्रॉवरमध्ये पल्स ऑक्सिमीटरचे बोटाला लावायचे दोन-चार प्रोब, आमच्या कुठल्याच मशीनला न बसणारे. आणि दर ड्युटीत एकदा तरी दारातून डोकं आत येतं, "सिस्टर, आमचा बोर्ड राहिलाय का इथे?"

बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. अँब्युलन्सवाले सामान विसरतात? म्हणजे ज्यांच्या भरवशावर आपण जीव सोपवतो ते लोक ऑक्सिजन कुणाच्या तरी घरी ठेवून येतात? लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, लक्ष नसतं हो यांचं. मला ते वाक्य पटत नाही. ही माणसं बेफिकीर नसतात असं नाही, सगळीकडे असतात तशी इथेही काही असतात, पण सामान बेफिकीर माणसाचंच राहतं असं मला कधी दिसलं नाही. उलट पेशंटमध्ये जीव ओतणारे जे आहेत त्यांचंच जास्त राहतं, निदान माझ्या बघण्यात तरी.

कारण ते काम कसं असतं ते एकदा बघा. कॉल येतो, श्वास घेता येत नाहीये किंवा छातीत दुखून कोसळलेत. गाडीतून काय काय उतरतं? मॉनिटर-डिफिब्रिलेटर (हृदयाची लय दाखवणारं आणि गरज पडली तर शॉक देणारं मशीन), ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, हाताने दाबून श्वास द्यायची अँबू बॅग आणि मास्कची थैली, घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन मशीन, औषधांची बॅग, ग्लुकोमीटर, शिवाय स्ट्रेचर किंवा जिन्यावरून आणायची खुर्ची. माणसं किती? बहुतेक वेळा दोन. आणि हे सगळं जिथे ठेवायचं ती खोली कुणी अँब्युलन्ससाठी बांधलेली नसते. पेशंट पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत पडलेला, उजेड कमी, दारात नातेवाईक, कुणीतरी रडतंय, कुणीतरी फोनवर मोठ्याने पत्ता सांगतंय. मॉनिटर जागा मिळाली म्हणून सोफ्याच्या हातावर, सक्शन मशीन टेबलाखाली, औषधाची बॅग उघडी, त्यातल्या तीन थैल्या तीन दिशांना. घशात श्वासाची ट्यूब टाकताना लागणारा लॅरिंगोस्कोप ट्यूब टाकून झाली की हातातून बाजूला ठेवला जातो, म्हणजे गादीवर, म्हणजे पांघरुणाच्या घडीत. चकचकीत स्टीलची वस्तू, पण पांघरूण वर आलं की संपलं.

मग पेशंट उचलायची वेळ. आता चार हात पेशंटला लागतात, एकाने ट्यूब धरायची, एकाने स्ट्रेचर, नातेवाइकांपैकी कुणाला तरी सलाइनची बाटली वर धरायला दिलेली. सामान उचलायला हात उरतो कुठे? कुणीतरी भला माणूस दोन बॅगा उचलून खाली आणतो, त्याला काय माहीत की बॅगा चार होत्या. गाडीचं दार बंद होतं, सायरन लागतो, आणि त्या क्षणी डोक्यातलं एक काम पूर्ण झालेलं असतं.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. मायकेल बर्न आणि सुझन बोवेअर या दोन मानसशास्त्र संशोधकांनी 1997 मध्ये नेमक्या याच प्रकारच्या विसरण्याचा अभ्यास केला होता. मुख्य काम झालं की त्याच्या शेपटाला लटकलेली पायरी सुटते. झेरॉक्सची प्रत हातात आली, मूळ कागद काचेवरच राहिला. त्यांना असं दिसलं की डोक्यावर त्याच वेळी इतर गोष्टी लक्षात ठेवायचा भार जास्त असेल तेव्हा ही चूक वाढते, भार कमी असेल तर तोच माणूस तीच पायरी नीट करतो. म्हणून तर बऱ्याच एटीएमवर कार्ड आधी परत घ्यावं लागतं आणि मग पैसे बाहेर येतात. आधी पैसे दिले की लोक पैसे घेऊन निघून जायचे, कार्ड आत. लोकांना कार्ड सांभाळायला शिकवून हा प्रश्न सुटला नाही, क्रम उलटा केला आणि मग सुटला.

अँब्युलन्समध्ये क्रम उलटा करता येत नाही हीच पंचाईत आहे. आधी सगळं सामान भरा मग पेशंट घ्या, असं कोण म्हणेल? आणि त्या वेळी डोक्यावरचा भार किती! नाडी, प्रेशर, कुठल्या हॉस्पिटलला न्यायचं, तिथे बेड आहे का, दिलेल्या औषधाची वेळ, नातेवाइकाला पुढे बसवायचं की मागे. हे सगळं चालू असताना टेबलाखालच्या सक्शन मशीनने आपण होऊन आठवणीत यावं अशी अपेक्षा आहे.

एक गंमत सांगते. 1966 मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने डिफिब्रिलेटर पहिल्यांदा अँब्युलन्समधून पेशंटच्या दारात नेला, तेव्हा ते यंत्र गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचं आणि त्याचं वजन सुमारे 70 किलो होतं. ते विसरायचं म्हटलं तरी विसरता आलं नसतं. दोनेक वर्षांत त्यांनीच ते 3 किलोच्या आसपास आणलं. तिथून आजपर्यंत वस्तू हलक्या होत गेल्या, छोट्या होत गेल्या, एका हातात मावायला लागल्या, त्यामुळे कितीतरी जीव वाचले यात वाद नाही, पण एका हातात मावणारी वस्तू सोफ्यावरही मावते.

बरं, राहण्याचे प्रकारही सारखे नाहीत. घरी किंवा रस्त्यावर राहतं ते बाजूला ठेवलेलं सामान. आमच्याकडे राहतं ते पेशंटला चिकटलेलं. प्रेशरच्या मशीनचा कफ बघा, नळी काढली जाते, कफ दंडावर तसाच, वर चादर, पेशंट आयसीयूत, आणि दोन दिवसांनी तिथली सिस्टर विचारते हा कुणाचा. बोर्डचंही तेच. मानेला मार असेल अशी शंका असताना पेशंटला बोर्डवरून हलवायला कुणी धजत नाही, एक्स-रे होईपर्यंत, सीटी होईपर्यंत तो त्यावरच, आणि तोवर गाडीला पुढचा कॉल आलेला असतो. आता एवढा वेळ बोर्डवर ठेवू नये असं सगळीकडे सांगितलं जातं, कडक बोर्डवर फार वेळ राहिलं की पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, म्हणून पोचल्या पोचल्या नीट धरून, लॉगरोल करून, म्हणजे पेशंटला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवून, बोर्ड काढून घ्यायचा. हे जिथे मनापासून पाळतात तिथे बोर्ड त्याच गाडीतून परत जातो. नियम पेशंटच्या पाठीसाठी ठरवलेला, बोर्डचा प्रश्न जाता जाता सुटला.

आणि तिसरा प्रकार, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, तो म्हणजे जे सामान बेसवरून, म्हणजे गाडीच्या ठाण्यावरून, निघतच नाही. मॉनिटर गाडीत आहे पण त्याची बॅटरी चार्जरवर. लॅरिंगोस्कोपचं हँडल आहे, ब्लेड धुवायला गेलेली. लहान मुलांची बॅग आहे, पण त्यातला छोटा मास्क मागे कधीतरी दुसऱ्या गाडीला दिला होता आणि परत आला नाही, कारण लहान मुलाचा कॉल रोज येत नाही, आणि जे रोज लागत नाही त्याची रिकामी जागा रोज दिसत नाही.

छोट्या ऑक्सिजन सिलेंडरचं तर मला एका ईएमटीने, म्हणजे अँब्युलन्समधल्या तंत्रज्ञाने, फार नीट समजावलं होतं. हा अनुभवी माणूस, शांत, कुणावर ओरडताना मी कधी बघितला नाही. तो म्हणाला, "सिस्टर, छोटा सिलेंडर राहिलाय हे गाडीत बसून कळतच नाही. गाडीत मोठा सिलेंडर असतो ना, फ्लोमीटर भिंतीलाच. पेशंट गाडीत असेपर्यंत सगळं मस्त चाललेलं असतं. कळतं कधी, तर पुढच्या कॉलला जिना चढायच्या वेळी." किती बरोबर आहे हे. मोठा सिलेंडर छोट्याची उणीव झाकून ठेवतो. मॉनिटरची बॅटरीही तशीच, गाडीच्या प्लगवर मशीन झक्क चालू, घरात नेऊन बटण दाबलं की काळा पडदा.

म्हणजे ज्या पेशंटच्या गडबडीत वस्तू राहिली त्याचं सहसा काही बिघडत नाही. त्याला त्या वस्तूचा उपयोग होऊन गेलेला असतो. भोगतो तो पुढचा, ज्याचा कॉल अजून आलेला नाही, ज्याचा पत्ताही कुणाला माहीत नाही. आणि पुढच्याचं गणित फार निर्दय असतं. हृदयाची लय बिघडून माणूस कोसळला, सीपीआर नाही आणि शॉकही नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी उतरते. गाडी माघारी जाऊन मशीन आणेल एवढा वेळ त्यात बसत नाही, दुसरी गाडी बोलावली तरी तिला यायला मिनिटं लागणारच. ऑक्सिजनचंही बघा, ई साइझचा सिलेंडर पूर्ण भरलेला असला तर साधारण 680 लिटर, मास्कवर मिनिटाला 15 लिटर सोडला तर कागदावर 45 मिनिटं, प्रत्यक्षात कमीच कारण तळापर्यंत कुणी जाऊ देत नाही. आधीच्या कॉलला अर्धा वापरलेला सिलेंडर गाडीत असणं हेही माझ्या लेखी अर्धं विसरणंच आहे.

आता यावर उपाय म्हणून जे केलं जातं त्याने मला संताप येतो. सामान हरवलं की क्रूच्या पगारातून कापा. मेमो द्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून सगळ्यांसमोर झापा. अशाने सामान राहायचं थांबत नाही, सामान राहिलंय हे सांगायचं थांबतं. दोन्ही दिसायला सारखंच दिसतं म्हणून वरच्यांना वाटतं सुधारणा झाली. प्रत्यक्षात काय होतं, तर ज्याचा प्रोब राहिला तो कंट्रोल रूमला कळवत नाही, शेजारच्या गाडीतून गुपचूप उचलतो, आणि आता ती दुसरी गाडी प्रोबशिवाय फिरतेय आणि तिच्या क्रूला पत्ताच नाही. मी असं होताना बघितलंय, आणि ज्याने उचललं त्याच्यावर मला रागही धरता आला नाही, त्याच्या घरचं मला माहीत होतं.

कॅज्युअल्टीच्या आधी मी बरीच वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, होते, त्यामुळे मला हा फरक जास्त खुपत असेल. ओटीत मोजणं हा धर्म आहे. रक्त टिपायचे मॉप किती, गॉज किती, सुया किती, सुरुवातीला मोजायचं, पोट बंद करायच्या आधी मोजायचं, कातडी शिवताना परत मोजायचं, एकटीने नाही, दोघींनी, मोठ्याने, फळ्यावर लिहून. गॉजमध्ये एक धागा असतो जो एक्स-रेमध्ये दिसतो, म्हणजे मोजणीवरही विश्वास पुरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सर्जरीसाठी चेकलिस्ट काढली, त्यातही पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी सिस्टरने काउंट, म्हणजे ही मोजणी, पूर्ण झाल्याचं तोंडाने सांगायचं असं आहे. सर्जन कितीही मोठा असो, काउंट जुळला नाही की थांबतो, चिडतो पण थांबतो.

तरी राहतं! 2003 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, पेशंटच्या शरीरात वस्तू राहिलेल्या केसेसचा. इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये हा धोका साधारण 9 पट, आणि ऑपरेशनचा बेत मध्येच बदलला तर 4 पट. आणि ज्या केसेसमध्ये मोजणी झाली होती त्यातल्या 88 टक्के वेळा काउंट बरोबर आहे असंच सगळ्यांना वाटलं होतं. हे मी वाचलं तेव्हा माझ्या ड्युटीतल्या एका सीनियरला दाखवलं, ती म्हणाली, मग मोजायचं तरी कशाला? मला उलट वाटलं. उजेड भरपूर, माणसं भरपूर, मोजायला वेगळी सिस्टर नेमलेली, पेशंट भूल देऊन स्थिर, एवढं असूनही घाई आणि बेत बदलणं या दोन गोष्टी माणसाला चकवतात, तर अँब्युलन्सच्या कामात घाई आणि बेत बदलणं याशिवाय असतं काय? तिथे मोजणारं तिसरं माणूस नाही, फळा नाही, आणि पोटासारखी बंद करायची जागाही नाही, गाडीचं दार तेवढं बंद होतं.

चेकलिस्टचं म्हणाल तर कागदी चेकलिस्ट प्रत्येक गाडीत असते. ड्युटी सुरू होताना भरायची. मी अशा वह्या बघितल्यात, एकाच पेनाने, एकाच दमात, वरपासून खालपर्यंत टिक टिक टिक, काही ठिकाणी तर उद्याच्याही करून ठेवलेल्या. सर्जरीच्या चेकलिस्टचंही असंच काहीसं झालं. 8 शहरांतल्या 8 हॉस्पिटल्समध्ये ती आधी वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आल्याचं 2009 मध्ये छापून आलं, सगळीकडे कौतुक झालं. मग कॅनडात ऑन्टारियो प्रांताने ती लागू केली, 101 हॉस्पिटल्सचे आकडे 2014 मध्ये आले, आणि म्हणावा असा फरक सापडला नाही. त्यावर तज्ज्ञांचे बरेच वाद झाले, ते मी इथे काढत नाही. मला स्वतःला नर्स म्हणून त्यात काही नवल वाटलं नाही, कारण तोच कागद एकीकडे चार माणसं थांबून मोठ्याने वाचतात आणि दुसरीकडे एक जण सही करून मोकळा होतो हे आम्ही रोज बघतो.

मग चालतं काय? जे क्रू कमी विसरतात त्यांच्याकडे मी जरा लक्ष देऊन बघायला लागले. त्यांची स्मरणशक्ती काही दांडगी नसते. त्यांनी सामानाची मांडणी अशी केलेली असते की गैरहजेरी डोळ्यात खुपावी. बॅगेत प्रत्येक वस्तूची फोममध्ये कापलेली खाच, लॅरिंगोस्कोप नसला की लॅरिंगोस्कोपच्या आकाराचं भोक दिसतं. औषधांच्या थैल्यांना नंबर असलेलं प्लास्टिकचं सील, सील तुटलंय म्हणजे उघडली आहे आणि बघायलाच हवी, सील शाबूत म्हणजे आत हात घालायची गरज नाही, रोजची पन्नास वस्तूंची तपासणी पाच सीलवर येते आणि ती माणूस खरंच करतो. घरात गेल्यावर सामान खोलीभर न पसरता एकाच बाजूला, शक्यतो पेशंटच्या डोक्याशी, आणि जे वापरून झालं ते जमिनीवर न ठेवता थेट बॅगेत किंवा स्ट्रेचरवर. झिप उघड्या बॅगा उचलायच्या नाहीत.

आणि एक सवय मला फार आवडते, ती दोघांनी वाटून घेतलेली असते. एक जण पेशंटबरोबर खाली जातो, दुसरा खोलीच्या दारात वळून उभा राहतो आणि आतल्या वस्तू नाव घेऊन बोलतो, मॉनिटर आला, सिलेंडर आला, सक्शन, बॅग, सुयांचा डबा. बोलतो म्हणजे खरंच ओठ हलवून बोलतो. काही सेकंदांचं काम. पेशंट फारच वाईट असेल तर तेवढेही सेकंद नसतात, मग ते सामान तिथेच सोडून जातात, पण सोडतोय हे माहीत असून सोडतात आणि गाडीतूनच कंट्रोलला कळवतात, ऑक्सिजन मागे ठेवलाय, तो परत आल्याशिवाय आम्हाला कॉल देऊ नका. यालाही लोक विसरणं म्हणतात. मी नाही म्हणत. पेशंटसाठी सामान मागे टाकणं हा निर्णय आहे, फक्त तो बोलून दाखवला पाहिजे, आणि बोलून दाखवल्यावर समोरून शिव्या येणार नाहीत एवढी सोय वरच्या माणसाने केली पाहिजे. गाडी थोडा वेळ कॉलमधून बाहेर काढणं कंट्रोलवाल्यांना नको असतं, त्यांच्या स्क्रीनवर एक गाडी कमी होते, ते मला समजतं. पण ती गाडी तशीही कमीच होती.

औषधांच्या बाबतीत मात्र सैल सोडून चालत नाही. मॉर्फिन, फेंटानिल, केटामाइन असलेली थैली कुणाच्या घरी राहिली तर तो नुसता गैरसोयीचा मामला नाही, या औषधांवर कायद्याचं बंधन असतं, कुलूप, रजिस्टर, दोन सह्या, रिकाम्या अँप्यूलचाही हिशोब. त्यामुळे ही थैली बॅगेत न ठेवता एकाच्या अंगावर, कमरेला ठेवणारे क्रू मला जास्त शहाणे वाटतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी कधी असं काही राहिलंच, तर काय करायचं तेही सांगून टाकते. बॅग उघडून आत काय आहे ते बघू नका, वापरलेली सुई कुठल्या कप्प्यात आहे हे तुम्हाला माहीत नसतं. पांघरूण, उशा झटकू नका, आधी नीट बघा, सुईचं टोपण दिसलं की सुईही तिथेच कुठेतरी असते. लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. सिलेंडरचा नॉब फिरवून बघू नका, त्याला तेलकट हात लावू नका, त्याच्या जवळपास गॅस, निरांजन, सिगारेट काही नको, तो उभा असेल तर पडणार नाही असा आडवा करून ठेवा. पेशंटच्या मागे आपल्या गाडीत टाकून आपणच हॉस्पिटलला नेऊन देऊ असं वाटतं, चांगल्या मनाने वाटतं, पण ती अँब्युलन्स तोवर तिथून निघालेली असते आणि सिलेंडर आमच्या कोपऱ्यात येऊन पडतो. ज्या नंबरवर अँब्युलन्स बोलावली होती त्याच नंबरवर फोन करा. गाडीचा नंबर आठवत नसला तरी चालतं, कॉल कधी केला होता आणि पत्ता काय एवढं सांगितलं की त्यांना त्यांची गाडी सापडते.